गोचिडाची पुस्तिका, लसीतला हमाल आणि नव्या पेठेतलं एक डीटीपी

माझी पुस्तिका छापून मिळायला चार दिवस उशीर झाला, मुखपृष्ठावरचा गोचीड पहिल्यांदा जांभळा छापून आला आणि पान ३१ वर ‘विषाणू’चा ‘िवषाणू’ तसाच राहिला. तरी पुढचं काम मी त्याच दुकानात देणार आहे.

दुकानाचं नाव लिहीत नाही. दुकान चालवणाऱ्या अक्कांनीच बजावलंय, “काका, काय लिहायचं ते लिहा, पण नाव नका टाकू. आहे तेवढीच गर्दी आवरंना.” खूण सांगतो. सोलापूरच्या नव्या पेठेत, खाली चादरी-टॉवेलचं दुकान, शेजारून लोखंडी जिना. जिना इतका अरुंद की दोघं समोरासमोर आले तर एकाला परत उतरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच फोन करावा, पोरगा कागद न्यायला येतो. वर दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स, लॅमिनेशनचं मशीन आणि भिंतीभर लग्नपत्रिकांचे नमुने. अक्का फोनवर तेलुगू, आमच्याशी मराठी, अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं की कन्नड. तिन्ही भाषांत हिशेब मात्र एकच, आगाऊ निम्मे.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. ३३ वर्षं. सांगोला, मंगळवेढा, शेवटी मोहोळ. निवृत्त झाल्यावर मेंढपाळ, गोठेवाले आणि मटणाच्या दुकानदारांसाठी एक पुस्तिका लिहायला घेतली. विषय असा की गोचिडातून माणसाला होणारे विषाणूचे ताप आणि त्यांच्यावर तयार होत असलेल्या लसी. हे खूळ डोक्यात शिरलं जानेवारी २०११ मध्ये. अहमदाबादजवळच्या कोलाट गावात क्रिमियन-काँगो तापाचं भारतात पहिल्यांदा निदान झालं. आजारी बाई गेली, तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर गेले, नर्स गेली. नमुने तपासले पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं. ही बातमी वाचली तेव्हा मी सकाळीच एका पंढरपुरी म्हशीच्या कानामागचे गोचीड उघड्या बोटांनी उपटून दगडावर चिरडून आलो होतो. हात धुतले होते, असं बायकोला सांगितलं.

लाँगबुकात दोन्ही बाजूंनी लिहिलेलं मॅटर घेऊन आधी मी दुसरीकडे गेलो होतो. तिथला मुलगा वेगात टाईप करायचा, पण डोळे वहीवर आणि मन भलतीकडे. ‘मेंढपाळ’चं ‘मेंढपाल’, ‘रक्तस्राव’चं ‘रक्तस्त्राव’, आणि एक अख्खा परिच्छेद गायब. विचारलं तर म्हणाला, “मॅटर मोठं होतं सर.” पैसे देऊन वही परत घेतली.

नव्या पेठेतल्या ह्या दुकानात पहिल्या दिवशी वही ठेवली. तिसऱ्या दिवशी अक्कांचा फोन. मला वाटलं प्रूफ तयार झालं. तर म्हणतात, “काका, पान ७ वर वाहक म्हणजे गोचीड हाय. पान १९ वर वाहक म्हणजे लसीतला विषाणू. मग गोचीड चावला की लस बसती, असं समजायचं का?”

मी गप्प. चूक शंभर टक्के माझी. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, व्हेक्टर. रोग पसरवणारा गोचीड तोही व्हेक्टर, आणि लशीसाठी जो निरुपद्रवी केलेला विषाणू दुसऱ्या विषाणूचा जनुक पेशीपर्यंत पोचवतो तोही व्हेक्टर. मी दोन्हीकडे ‘वाहक’ लिहून मोकळा झालो होतो. वर अक्का म्हणतात, “आणि आमच्याकडं तर वाहक म्हणजे एस.टी.चा कंडक्टर.”

संध्याकाळी जिना चढून गेलो. गोचिडाला ‘रोग पसरवणारा’ म्हणायचं ठरलं, लांब झालं तरी हरकत नाही. लशीतल्या विषाणूला काय म्हणायचं यावर अर्धा तास गेला. मी ‘वहनकर्ता’ सुचवलं, अक्कांनी तोंड वाकडं केलं. मी ‘टपालवाला’ म्हणालो, त्यांना पटलं नाही. मग त्याच म्हणाल्या, “हमाल म्हणा की. मार्केट यार्डात कांद्याच्या पोत्यांना हमाल लागतोच. तो पोतं आणून टाकतो आणि जातो. आपल्या घरी राहत नाही, त्याचा संसार मांडत नाही.”

हे फार बरोबर आहे. अडेनोव्हायरसवर, म्हणजे सर्दीपडसं आणणाऱ्या एका विषाणूवर, आधारलेल्या लशीत त्या विषाणूचा वाढण्यासाठी लागणारा एक जनुक काढून टाकलेला असतो. तो पेशीत शिरतो, माल टाकतो, पण त्याला तिथं पिल्लावळ वाढवता येत नाही. हमाल बिनसंसारी.

माल काय, हा पुढचा प्रश्न. मी लिहिलं होतं, ‘ग्लायकोप्रोटीनची जनुकीय माहिती’. अक्कांनी ती ओळ वाचली, खुर्ची वळवली आणि स्वतःच्या वडिलांबद्दल सांगायला लागल्या. वडील चादरीच्या कारखान्यात जॅकार्ड मागावर होते. नक्षीची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकापुढे एक दोऱ्यानं ओवलेली असायची, माग ती कार्डं वाचत चालायचा आणि चादरीवर मोर उतरायचा. कार्डावर मोर नसतो, भोकंच असतात. “तसंच ना? हमालानं कार्ड आणलं. माग आपला, सूत आपलं, नक्षी तेवढी चोराची.”

मी ते जसंच्या तसं पान १९ वर घातलं. विषाणूच्या बाहेरच्या आवरणावरचं प्रथिन आपल्याच पेशीच्या मागावर विणलं जातं, शरीराचे पहारेकरी ती नक्षी ओळखून ठेवतात, आणि खरा विषाणू त्या चादरीत गुंडाळून आला की धरतात. लशीत अख्खा चोर नसतो, त्याची चादर असते. यातला एक फायदा कारखानदाराच्या बाजूचा आहे. काँगो तापाचा जिवंत विषाणू हाताळायला सर्वांत कडक बंदोबस्ताची, चौथ्या पातळीची प्रयोगशाळा लागते, तशी एक पुण्याच्या त्याच संस्थेत आहे. पण हमाल आणि कार्ड तयार करायला तो धोकादायक विषाणू वाढवावाच लागत नाही. लस काम करते का ते तपासताना मात्र त्याच्याशी गाठ पडते.

दुकानाबद्दल लिहायचं सोडून मी लशीबद्दल लिहितोय असं वाटेल. पण तिथं काम असंच होतं. टाईप करणारी बाई अर्थ लागल्याशिवाय पुढच्या ओळीवर जात नाही. घाई असेल त्यानं जाऊ नये.

हमाल कोणकोणते, हा भाग मी आवडीनं लिहिला होता. पहिला चिंपांझीचा अडेनोव्हायरस. कोव्हिशिल्ड घेतलेल्या प्रत्येकाच्या दंडात हा शिरलेला आहे. चिंपांझीचाच का, तर माणसाचे अडेनोव्हायरस सर्दीपडशातून आपल्या ओळखीचे झालेले असतात आणि ओळखीच्या हमालाला शरीर गेटवरच अडवतं, माल आत जातच नाही. त्याचाच एक भाऊबंद वापरून ऑक्सफर्डच्या मंडळींनी काँगो तापाची लस केली आणि २०२३ मध्ये माणसांवरची पहिली चाचणी सुरू केली. इथं अक्कांनी एक अडचणीचा प्रश्न टाकला. “त्या लसीनं रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या म्हणत होते ते?” मी तो मुद्दा लिहिलेलाच नव्हता. भीती पसरेल म्हणून टाळला होता, खोटं कशाला बोलू. त्यांचं म्हणणं, वाचणारा पहिल्यांदा तेच विचारणार. मग दोन ओळी घातल्या. हा दुष्परिणाम फार विरळ पण खरा आहे, आणि अडेनोव्हायरसच्या नव्या लशी तपासताना त्याच्यावर नजर ठेवावी लागते.

दुसरा हमाल आमच्या खात्यातला. वेसिक्युलर स्टोमॅटायटिसचा विषाणू, अमेरिकेकडे गाई-घोड्यांच्या तोंडात फोड आणणारा. गाईत बघितलं तर लाळखुरकूतच वाटावी. त्याचं स्वतःचं आवरणाचं प्रथिन काढून दुसऱ्याचं बसवतात. इबोलाची लस ह्याच हमालावर बनली आणि २०१९ मध्ये तिला मंजुरी मिळाली, म्हणजे गडी नवखा नाही. जनावरांचा डॉक्टर नसलो तरी जनावरांतला माणूस आहे मी, त्यामुळे खुरकुतीच्या ह्या लांबच्या सोंगाड्याला माणसाच्या लशीत बघून मला उगाचच अभिमान वाटला.

तिसरा अंकारा. देवीच्या लशीचा विषाणू कोंबडीच्या पेशींत ५०० हून जास्त वेळा वाढवत नेला, तेव्हा तो इतका दुबळा झाला की माणसात वाढेचना. मूळ वाण तुर्कस्तानातल्या अंकाऱ्याचा. योगायोग असा की त्याच तुर्कस्तानात २००२ पासून काँगो तापाचे हजारो रुग्ण झाले आहेत.

आता पहिली मोठी तक्रार. ह्याच अंकाऱ्याच्या कामाचा मी एक तक्ता केला होता. इंग्लंडमध्ये पोर्टन डाउनच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये अंकाऱ्यावर काँगो विषाणूचं बाहेरचं प्रथिन, म्हणजे ग्लायकोप्रोटीन, घालून उंदरांना टोचलं. लस घेतलेले उंदीर जगले, न घेतलेले मेले. पुढे २०१६ मध्ये त्याच हमालावर आतलं प्रथिन, न्यूक्लिओप्रोटीन, घातलं. उंदरांच्या रक्तात प्रतिकाराची सगळी लक्षणं दिसली, पण खरा विषाणू दिल्यावर उंदीर वाचले नाहीत. पुस्तिकेतली सर्वांत महत्त्वाची जागा हीच. रक्तात अँटीबॉडी दिसल्या म्हणजे लस चालली असं नाही. आणि नेमकी ह्याच तक्त्यातली ओळ दुसऱ्या प्रूफात सरकली. ‘सर्व जगले’ हे न्यूक्लिओप्रोटीनच्या पुढे, ‘वाचले नाहीत’ हे ग्लायकोप्रोटीनच्या पुढे. युनिकोडमधून श्रीलिपीत, म्हणजे टाईपाच्या एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत, नेताना रकाने विस्कटले, असं कारण मिळालं. मी पेन्सिलीनं ओळीवर ओळ धरून तपासत होतो म्हणून सापडलं, नाहीतर ३०० लोकांना मी उलटंच ज्ञान वाटलं असतं. अक्कांनी चूक मान्य केली, वाद घातला नाही, आणि तक्ता माझ्यासमोर बसून पुन्हा केला. वर विचारलं, “मग आतलं प्रथिन कायमचं बाद?” तसं नाही. तेच प्रथिन अडेनोव्हायरसच्या पाठीवर दिलं तेव्हा काही उंदीर वाचले, सगळे नाही. म्हणजे माल कोणता हे जसं महत्त्वाचं तसं हमाल कोण हेही. ही ओळ त्यांच्या प्रश्नामुळे तक्त्याखाली आली.

उंदरांवरून आणखी एक. हे उंदीर घरातले नव्हेत, असं मी कंसात लिहिलं होतं. साध्या तरण्या उंदराला काँगो विषाणू दिला तर त्याला काही होत नाही. शरीराची पहिली फळी, इंटरफेरॉनची, ज्यांच्यात चालत नाही असे उंदीर मुद्दाम पैदा करावे लागतात. दुकानातला पोरगा हे ऐकून म्हणाला, “आमच्याकडं कागद कुरतडणारे हायत, ते चालंनात म्हणा.” खरंच कुरतडतात. माझ्या वहीचा एक कोपरा गेला. वही देताना प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये द्या.

माकडतापाचं, म्हणजे जंगलातल्या गोचिडातून होणाऱ्या दुसऱ्या तापाचं, प्रकरण मी आखूड ठेवलं, कारण आपल्या माळरानाला तसलं जंगल नाही. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली तिथून त्याची सुरुवात. आपल्या राज्यात तो २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात आला. ह्याची जुनी लस मारलेल्या विषाणूची होती. महिन्याच्या अंतरानं दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांत तिसरा, मग वर्षाला एक. काजूच्या बागेत जाणारा माणूस एवढ्या वेळा दंड पुढे करील? संरक्षणही फार टिकेना, शेवटी ती बंद पडली. नव्या प्रयत्नांत पुन्हा आमचा खुरकुतीचा सोंगाड्या आहे. त्याच्यावर माकडतापाच्या विषाणूची नक्षी चढवलेल्या लशीच्या एकाच डोसनं माकडांना आजारापासून वाचवलं, हे काम २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. एवढंच लिहिलं, दीड पान.

पानांवरून अक्कांचा व्यवहारीपणा सांगायला हवा. माझं मॅटर ५१ पानं झालं. त्या म्हणाल्या, ४८ करा. १६ पानांचे तीन फॉर्म बसतात, ५१ केलीत तर चौथ्या फॉर्मचा कागद, प्लेट सगळं उगाच. काय कापायचं हेही त्यांनीच दाखवलं, माझं साडेतीन पानांचं मनोगत. त्यात माझ्या सगळ्या बदल्यांची यादी होती. थोडं दुखलं, पण अर्ध्या पानावर आणलं.

मुखपृष्ठ हा सर्वांत वाईट अनुभव. त्यावर हायलोमा गोचिडाचं चित्र हवं होतं, कारण काँगो ताप मुख्यतः तोच पसरवतो. मोठा, तपकिरी, आणि ह्याच्या अनेक जातींत पायांवर फिकट पट्टे. काही जाती तर गवतावर वाट बघत बसत नाहीत, माणूस-जनावर दिसलं की मागे पळत येतात. कोरड्या माळाचा गोचीड आहे, आपल्याकडच्या मेंढपाळाला तो ओळखता यायलाच हवा. पहिला नमुना आला तर गोचीड वांग्यासारखा जांभळा आणि पायावरचे पट्टे गायब. छपाई अक्का बाहेरून ऑफसेटवर करून घेतात, तिथं त्यांचा धाक चालत नाही हे उघड दिसलं. दुसऱ्या नमुन्यात रंग बरा, पट्टे अंधुक. तिसऱ्यांदा मी माझ्याकडची स्पिरिटमध्ये ठेवलेली गोचिडाची बाटलीच नेऊन टेबलावर ठेवली. दुकानातलं गिऱ्हाईक पांगलं, पण पट्टे आले.

उशिराचं कारण हेच, शिवाय डिसेंबरातल्या लग्नपत्रिका आणि वर्षाच्या तोंडावरची कॅलेंडरं. ८ जानेवारीला देतो म्हणाल्या, १२ ला दिलं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात वाटायच्या होत्या म्हणून माझा जीव टांगणीला. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा ‘निघालंय’ असं उत्तर मिळालं. हे मला आवडलं नाही. निघालं नसेल तर निघालं नाही म्हणावं, माणूस दुसरी सोय करतो.

पैसे असे. कंपोज पानाला ३५ रुपये, ४८ पानांचे १६८०. मुखपृष्ठ ६००, जांभळ्या गोचिडाचे पैसे लावले नाहीत. छपाई आणि मध्ये पिन मारून बाइंडिंग, प्रतीला ३६ प्रमाणे ३०० प्रतींचे १०८००. एकूण १३०८०. पहिली दोन प्रूफं फुकट, तिसऱ्यापासून पानाला ५ रुपये असा बोर्ड आहे, माझं चौथ्यापर्यंत गेलं तरी मागितले नाहीत. सोलापुरात ह्याहून स्वस्त होईल. पण ह्या पैशात मला टाईप करणारी नव्हे, पहिली वाचक मिळाली. तिला न कळलेलं एकही वाक्य पुस्तिकेत राहिलं नाही.

जाणाऱ्यांनी तक्ते आणि आकडे छापायला सोडण्यापूर्वी कागदावर काढून तपासावेत, स्क्रीनवर बघून सही करू नये. ऱ्हस्व वेलांटीवर डोळा ठेवावा. दुपारी १ ते ४ अक्का नसतात आणि पोरगा फक्त झेरॉक्स काढतो.

पान ३१ ची चूक गठ्ठे उघडल्यावर दिसली, तेव्हा प्रती माझ्या घरी पोचल्या होत्या. ओळ महत्त्वाची होती: जनावराच्या रक्तात काँगो तापाचा विषाणू आठवडाभर असतो आणि जनावर आजारी दिसत नाही, म्हणून कापताना हातमोजे घाला. त्यात ‘िवषाणू’. फोन केला. अक्का त्याच संध्याकाळी पोराला घेऊन रिक्षानं जुळे सोलापुरात आल्या, बरोबर स्टिकरच्या कागदावर छापलेले बारीक ‘विषाणू’, कात्रीनं कापलेले. आम्ही चौघं, बायको धरून, सतरंजीवर बसून रात्री साडेदहापर्यंत ३०० प्रतींवर चिकटवत होतो. मध्ये बायकोनं शेंगाचटणी आणि भाकरी केली. सात-आठ प्रतींवर स्टिकर तिरका बसलाय. त्या पाहुण्यांत वाटल्या.